बर्लिनच्या वाटेवरचा हिवाळा: लँकेस्टर विमानातल्या सात जणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांवर लिहायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, लोक बॉम्बचं वजन आणि इंजिनाची ताकद विचारतील. तसे प्रश्न येतात, पण थोडे. बाकीचे सगळे थंडी, जेवण, झोप आणि (संकोचत संकोचत) शौचाबद्दल असतात. तेच एकत्र करून उत्तरं दिली आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणजे तेच ते पुन्हा वाचावं लागणार नाही.

१. तुम्ही नेमक्या कोणत्या हिवाळ्याबद्दल लिहिता?

नोव्हेंबर १९४३ ते मार्च १९४४. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांनी ठरवलं होतं की बर्लिन पार उद्ध्वस्त केलं तर जर्मनी गुडघे टेकेल. १८ नोव्हेंबरच्या रात्री सुरुवात झाली आणि मार्चअखेरपर्यंत एकट्या बर्लिनवर १६ मोठे हल्ले झाले. मधल्या रात्री लाइपझिग, फ्रँकफर्ट, न्यूरेंबर्ग अशी शहरं होती. जर्मनी काही शरण आला नाही. बॉम्बर कमांडची मात्र या साडेचार महिन्यांत हजारावर विमानं गेली.

हिवाळाच का, असंही पुष्कळ जण विचारतात. बर्लिनला जाऊन यायला सात-आठ तास लागत आणि तेवढा वेळ अंधार हवा असे. उन्हाळ्यात उत्तर युरोपात रात्र इतकी आखूड असते की परतीच्या वाटेतच उजाडेल. म्हणजे बर्लिन गाठायचं तर वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेतच. त्या मुलांच्या आयुष्यातला बराचसा त्रास या एका हिशेबातून आलेला आहे.

२. विमानात सात माणसं कोण कोण असत?

लँकेस्टर हे चार इंजिनांचं विमान. सर्वांत पुढे, नाकात, पालथा पडलेला बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणारा. त्याच्या वर-मागे डावीकडे वैमानिक आणि शेजारी घडीच्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर. लँकेस्टरला दुसरा वैमानिक नव्हता. वैमानिकाला काही झालं तर इंजिनिअरने किंवा बॉम्ब एमरने जमेल तसं सांभाळायचं. त्यांच्या मागे पडदा ओढून, छोट्या दिव्याखाली नकाशे पसरून बसलेला नॅव्हिगेटर, त्याच्यामागे वायरलेस ऑपरेटर. मग पाठीवरच्या काचेच्या घुमटात एक गनर आणि पार शेपटीच्या टोकाला, बाकी सगळ्यांपासून लांब, मागचा गनर.

वय बहुतेकांचं एकोणीस ते तेवीस. पंचविशी ओलांडलेल्या माणसाला क्रूमध्ये ‘आजोबा’ म्हणून चिडवत.

३. या सात जणांना एकत्र कोण आणायचं? वरून हुकूम यायचा का?

नाही, आणि मला स्वतःला ही सगळ्यात चक्रावणारी गोष्ट वाटते. कागदपत्रांशिवाय पान न हलणारं ते हवाई दल; पण प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर वगैरेंना एका मोठ्या हँगरमध्ये सोडून सांगत, ‘तुमचं तुम्ही जमवा.’ कोणी कोणाच्या शेजारी उभा होता म्हणून, कोणाचा चेहरा भरवशाचा वाटला म्हणून, कोणी सिगारेट पुढे केली म्हणून जोड्या लागत. दुपारपर्यंत क्रू तयार. (इंजिनिअर मात्र नंतर, चार इंजिनांच्या विमानाच्या प्रशिक्षणात येऊन मिळायचा.) पुढे मोटारसायकल चालवता न येणाऱ्या वैमानिकाच्या हातात सहा जणांचा जीव, एवढं हे नातं जवळचं व्हायचं. हुद्दा काहीही असो, विमानात वैमानिक म्हणजे ‘स्किपर’ आणि बाकीचे नावाने.

४. राहायला कसं होतं? बराकी होत्या का?

युद्धापूर्वीच्या काही जुन्या तळांवर पक्क्या विटांच्या, गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या इमारती होत्या. ज्यांना त्या मिळाल्या ते नशीबवान. बाकीचे बहुतेक तळ लिंकनशर आणि यॉर्कशरच्या शेतांत घाईघाईने उभारलेले. तिथे निस्सेन झोपडी: पन्हाळी पत्रा अर्धगोल वाकवून जमिनीवर उपडा ठेवलेला, खाली सिमेंट, मधोमध कोळशाची एक शेगडी.

शेगडीजवळचे दोन पलंग भाजत आणि दाराजवळचे गोठत. कोळसा रेशनवर. तो संपला की रात्री कुंपण ओलांडून कोळशाच्या ढिगावरून बादली भरून आणणं ही प्रत्येक झोपडीची न लिहिलेली ड्यूटी. पत्र्याच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ जमून थेंब पडत. पांघरुणं कायम दमट. ओव्हरकोट घालून झोपायचे. सकाळी दाढीसाठी अंघोळीच्या शेडपर्यंत चिखलातून चालत जायचं आणि तिथे पाणी गार.

शत्रूच्या हल्ल्यात सगळं एका जागी सापडू नये म्हणून तळाचे भाग मुद्दाम मैल-मैल पांगवलेले असत. म्हणून प्रत्येकाकडे सायकल. लडफर्ड मॅग्ना या तळाचं नाव तर पोरांनी ‘मडफर्ड मॅग्ना’ करून टाकलं होतं. चिखलाला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक असलं की विनोद कळतो.

५. वर आकाशात नेमकी किती थंडी असायची? उणे ४० हा आकडा सेल्सिअस की फॅरनहाइट?

उणे ४० ला दोन्ही मापं एकाच ठिकाणी येतात, त्यामुळे तो वाद नको. लँकेस्टर २० हजार फुटांच्या आसपास जायचं. आपल्या मापात सांगायचं तर कळसूबाईच्या जवळपास चौपट उंचीवर. हिवाळ्यात तिथे उणे ३० नेहमीचं, कधी कधी उणे ४०.

आकड्याने कल्पना येत नसेल तर हे बघा. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये श्वासातलं पाणी गोठायचं आणि रबरी नळीत बर्फाचा खडा अडकायचा. दर थोड्या वेळाने नळी बोटांनी चुरून तो बर्फ फोडावा लागे. ज्याच्या हे लक्षात राहिलं नाही त्याचा प्राणवायू बंद. आणि प्राणवायू कमी पडला की माणसाला गुदमरल्यासारखं होत नाही, उलट दारू प्यायल्यासारखं छान वाटू लागतं. म्हणून वैमानिक दर काही मिनिटांनी एकेकाला इंटरकॉमवर हाक मारायचा. उत्तर आलं नाही तर कोणीतरी ऑक्सिजनची छोटी बाटली लावून पाहायला जायचं. उघड्या बोटांनी धातूला हात लावला की कातडी तिथेच चिकटायची.

६. मग हीटर नव्हता का?

होता. फक्त त्याची गरम हवा वायरलेस ऑपरेटरच्या जवळ बाहेर पडायची. परिणामी तो शर्टावर बसून घामाघूम, नॅव्हिगेटर बरा, नाकातला बॉम्ब एमर कुडकुडत आणि दोन्ही गनरना त्या हवेचा वाससुद्धा नाही. हीटर कमी कर आणि वाढव यावरून इंटरकॉमवर भांडणं होत. घरात पंख्याच्या वेगावरून होतात तशीच.

गनरांसाठी विजेवर तापणारे सूट होते. त्यांचा थर असा: आत रेशमी-लोकरी अंतर्वस्त्रं, त्यावर जाड पांढरा स्वेटर, गणवेश, मग तारा गुंफलेला सूट, त्याला जोडलेले तापणारे हातमोजे आणि सपाता, वर जाड उड्डाणाचा पोशाख. हातमोज्यांचेच तीन-तीन थर. तार तुटली की एक पाय गार पडायचा. शॉर्टसर्किट झालं की दुसरा पाय भाजायचा. इतकं अंगावर चढवल्यावर विमानापर्यंत चालतानाच घाम फुटे, आणि तो घाम वर जाऊन गोठू नये म्हणून मुरलेले गनर कपडे अगदी शेवटच्या क्षणी चढवत.

७. सगळे मागच्या गनरबद्दलच का बोलतात?

कारण त्याची जागा सगळ्यात वाईट होती. एका काचेच्या पिंपात, पाय आखडून, चार मशिनगनांच्या मधे सात-आठ तास. जागा इतकी कमी की पॅराशूटही आत मावत नसे. ते मागे विमानाच्या धडात अडकवलेलं असायचं. उडी मारायची तर टरेट (गनरचं ते फिरणारं पिंप) सरळ करा, दार उघडा, हात मागे घालून पॅराशूट ओढा, छातीला लावा, टरेट पुन्हा आडवं फिरवा आणि पाठीवर कोसळा. टरेट फिरवणारं तेल इंजिनाच्या जोरावर यायचं. ते इंजिनच बंद पडलं तर हाताने फिरवायचं.

त्यात आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून ओढवून घेतली. समोरच्या काचेवर धुळीचा ठिपका जरी असला तरी अंधारात तो शत्रूचं विमान वाटतो आणि खरं विमान दिसत नाही. म्हणून अनेकांनी समोरची काच काढूनच टाकली. उणे ४० चा वारा थेट तोंडावर घेत बसायचं, पण नीट दिसायचं. गालांवर, भुवयांवर हिमदंश झालेले गनर प्रत्येक तळाच्या दवाखान्यात असत.

आणि एवढं करून बहुतेक रात्री त्यांनी एकही गोळी झाडलेली नसायची. त्यांचं खरं काम गोळ्या झाडण्याचं नव्हतंच, वेळेवर ओरडण्याचं होतं: ‘कॉर्कस्क्रू, डावीकडे, आत्ता!’ त्यावर वैमानिक विमान तिरकं खाली लोटून गिरक्या घेत सुटायचा.

८. मोहिमेचा एक पूर्ण दिवस कसा असायचा?

सकाळी उशिरा उठायचं. आज रात्री मोहीम आहे की नाही एवढाच पहिला प्रश्न. यादी लागली की तळाचे बाहेरचे फोन बंद. दुपारी विमान थोडा वेळ उडवून तपासायचं. तोवर जमिनीवरचे लोक बॉम्ब चढवत आणि टाक्या भरत. किती पेट्रोल भरलं यावरून क्रू अंदाज बांधायचे: टाक्या काठोकाठ म्हणजे लांबचं गाव.

मग ब्रीफिंग. भिंतीवर पडद्याआड नकाशा. पडदा सरकला की त्यावर लाल दोरी दिसायची, लिंकनशरपासून लक्ष्यापर्यंत ताणलेली. दोरी पूर्वेकडे लांबच लांब गेली असेल तर अख्ख्या खोलीतून एकच हुंकार उठायचा. हवामानाचा अधिकारी ढगांबद्दल बोलायला उठला की पोरं त्याची टर उडवत, कारण त्याचं चुकायचं. बिचारा करणार काय, युरोपातल्या शत्रूच्या ताब्यातल्या भागातून त्याला निरीक्षणंच मिळत नव्हती.

यानंतर जेवण (प्रश्न ९), खिसे रिकामे करणं, पॅराशूट घेणं, आणि मालमोटारीतून विमानापर्यंत. तिथे थांबावं लागे, आणि बऱ्याच जणांच्या मते अख्ख्या रात्रीत हाच वेळ सगळ्यात वाईट जायचा. सिगारेट, थंडी, फारसं न बोलणं. मग पुष्कळ क्रू शेपटीच्या चाकावर लघवी करायचे. अर्धी अंधश्रद्धा, अर्धी सोय. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, त्यातलाच प्रकार. कोणाच्या खिशात कापडी अस्वल, कोणाच्या गळ्यात मैत्रिणीचा मोजा. रोजचा मोजा विसरला म्हणून उड्डाणाआधी सायकल मारत झोपडीवर परत गेलेली माणसं होती.

हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास उड्डाण. मध्यरात्रीच्या आसपास परत. मग उतरण्यासाठी रांग: तळावर घिरट्या घालत, एकावर एक ठरलेल्या उंचीवर, कंट्रोल टॉवरमधल्या मुलीच्या आवाजाची वाट पाहत. उतरल्यावर रम घातलेला चहा आणि गुप्तवार्ता अधिकाऱ्याचे प्रश्न: काय दिसलं, कुठे दिसलं, कोण पडताना दिसलं. पुन्हा जेवण. झोप, जमली तर.

९. अंड्यांचं एवढं काय प्रस्थ होतं?

इंग्लंडमध्ये तेव्हा सर्वसामान्य माणसाला आठवड्याला एक अंडं मिळालं तर मिळालं. बाकी अंड्याची भुकटी. मोहिमेवर जाणाऱ्याला मात्र निघण्यापूर्वी आणि आल्यावर खरं, तळलेलं अंडं आणि बेकन. त्यामुळे ‘आज अंडं आहे’ म्हणजे ‘आज मोहीम आहे’. ‘तू परत नाही आलास तर तुझं अंडं मी खाऊ का?’ हा विनोद प्रत्येक मेसमध्ये रोज व्हायचा, आणि रोज कोणाचं तरी अंडं खरंच उरायचं.

विमानात बरोबर थर्मासमध्ये कॉफी, चॉकलेट, बार्ली शुगरच्या गोळ्या, च्युइंग गम. चॉकलेट गोठून दगड व्हायचं. ते आधी तोंडात धरून मऊ करावं लागे, आणि मास्क बाजूला करून खायचं म्हणजे तेवढा वेळ श्वास धरायचा.

१०. विचारायला विचित्र वाटतं, पण आठ तास लघवीचं काय?

विचित्र काही नाही, हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. विमानाच्या मागच्या भागात एल्सन नावाचं रसायन घातलेलं पत्र्याचं शौचपात्र होतं. तिथे जायचं म्हणजे ऑक्सिजनची बाटली लावा, अंधारात विमानाच्या धडातून आडवा गेलेला पंखांचा स्पार, म्हणजे पंख पेलणारी तुळई, ओलांडा, पाच थर कपडे सोडा आणि गोठलेल्या पत्र्यावर बसा. कातडी चिकटण्याचं वर लिहिलंच आहे (प्रश्न ५). तेवढ्यात वैमानिकाने गिरकी घेतली तर पात्रातलं सगळं बाहेर. म्हणून क्रू शक्यतो तिकडे फिरकत नसत. डबा, बाटली, जे हाताशी असेल ते वापरत. वैमानिकाला आणि मागच्या गनरला जागा सोडता येतच नसे. ते रात्रभर धरून ठेवत किंवा कपड्यांतच होऊ देत. विजेच्या तापत्या सूटचं त्याने काय व्हायचं ते सांगायला नको.

११. झोप आवरण्यासाठी गोळ्या देत हे खरं का?

खरं. बेन्झेड्रीनच्या, ‘वेकी-वेकी’ गोळ्या. इच्छेवर होतं. अडचण अशी की ब्रीफिंगनंतर गोळी घेतली आणि हवा बिघडल्याने मोहीम रद्द झाली तर रात्रभर डोळे टक्क उघडे. त्या हिवाळ्यात मोहिमा रद्द होणं नेहमीचंच होतं.

१२. मोहीम नसेल तेव्हा काय करत?

पौर्णिमेच्या आसपास काही दिवस बहुधा मोठ्या मोहिमा नसत. चांदण्यात बॉम्बर विमान जर्मन लढाऊ विमानांना लांबून दिसतं. म्हणजे आपण ज्याला टिपूर चांदणं म्हणतो, ती त्यांची सुट्टी. शिवाय साधारण दर सहा आठवड्यांनी सहा दिवसांची रजा.

एरवी पब. लिंकनमध्ये ‘सॅरासेन्स हेड’, यॉर्कमध्ये ‘बेटीज’. बेटीजच्या तळघरातल्या बारमधल्या आरशावर पोरांनी अंगठीच्या हिऱ्याने आपापली नावं कोरली. तो आरसा आजही तिथे आहे. रविवारी जवळच्या शेतकऱ्याकडे जेवण, शनिवारी नाच, मधे पत्ते आणि जुनी मासिकं.

काल रात्री बर्लिनवर होतो आणि आज सिनेमाच्या रांगेत उभा आहे, शेजारची बाई मटणाच्या रेशनबद्दल तक्रार करते आहे: खंदकातल्या सैनिकाला हा अनुभव नव्हता. तो आघाडीवर असे नाहीतर मागे असे. या पोरांच्या आघाडीवर जाणं-येणं रोजच्या लोकलसारखं होतं.

१३. शत्रूपेक्षा धुक्याने जास्त माणसं मारली असं वाचलं. अतिशयोक्ती ना?

पूर्ण युद्धाचा हिशेब धरला तर हो, अतिशयोक्ती. पण १६ डिसेंबर १९४३ च्या रात्रीपुरतं ते जवळजवळ खरं आहे. त्या रात्री बर्लिनवर २५ लँकेस्टर पडली. उरलेली परत आली तर पूर्व इंग्लंडवर दाट धुकं उतरलेलं, ढग जमिनीला टेकलेले. पेट्रोल संपत आलेलं. तळ खाली आहे हे माहीत, पण दिसत नाही. जवळपास तितकीच विमानं इंग्लंडात येऊन झाडांवर, शेतांत आदळली किंवा क्रूनी उड्या मारून सोडून दिली. बोर्न तळावरच्या ९७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला सर्वांत मोठा फटका बसला. घरापासून दोन-तीन मैलांवर, सात तास सगळं निभावून आल्यावर, शंभराहून अधिक माणसं गेली.

धुक्यासोबत दुसरा शत्रू म्हणजे बर्फ साचणं. ढगातून वर चढताना पंखांवर बर्फाचा थर धरतो, वजन वाढतं, पंखाचा आकार बिघडतो. प्रोपेलरवरचा बर्फ निसटून विमानाच्या अंगावर थाड थाड आदळायचा. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटायचं, गोळीबार सुरू झाला.

१४. धुक्यावर काही उपाय नव्हता?

एक होता, राक्षसी खर्चाचा. फायडो. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी नळ्या टाकायच्या, त्यांत पेट्रोल सोडायचं आणि पेटवून द्यायचं. आगीच्या उष्णतेने धुकं वर उचललं जायचं. तासाला हजारो गॅलन पेट्रोल जळायचं. नोव्हेंबर १९४३ मध्ये ग्रेव्हली तळावर परतणाऱ्या विमानांसाठी ते पहिल्यांदा वापरलं. पुढे इंग्लंडात १५ तळांवर बसवलं. दोन आगींच्या भिंतींमधून विमान उतरवायला वैमानिक सुरुवातीला घाबरत. एकदा उतरलेला मात्र नंतर तक्रार करत नसे.

१५. ‘टूर’ म्हणजे किती मोहिमा? प्रत्येक उड्डाण मोजलं जायचं का?

तीस मोहिमा म्हणजे एक टूर. मग सहा महिने शिकवण्याचं काम, त्यानंतर दुसरी टूर वीस मोहिमांची.

प्रत्येक उड्डाण मोजलं जात नसे. इंजिन बिघडून अर्ध्यातून परत आलात तर शून्य. १९४४ च्या वसंतात फ्रान्समधली लक्ष्यं ‘सोपी’ आहेत असं ठरवून तिथल्या एका फेरीला एक तृतीयांश मोहीम धरायला सुरुवात झाली. पोरं चिडली, आणि ती बरोबरच होती: मे महिन्यात मायी-ले-काँ या फ्रान्समधल्या ‘सोप्या’ लक्ष्यावर चाळीसच्या वर विमानं पडली. तो नियम गुंडाळला गेला.

१६. तीस मोहिमा पूर्ण होण्याची शक्यता किती?

त्या हिवाळ्यात दर मोहिमेला शंभरातली पाचेक विमानं परत येत नसत. ऐकायला पाच टक्के कमी वाटतं. कॅल्क्युलेटर घ्या आणि ०.९५ ला तीस वेळा गुणा: ०.२१. पाचातला एक. काही रात्री त्याहून वाईट. १९ फेब्रुवारी १९४४ ला लाइपझिगच्या मोहिमेत ७८ विमानं पडली. ३० मार्चला न्यूरेंबर्गला गेलेल्या ७९५ पैकी ९५ आली नाहीत. त्या रात्री चांदणं होतं, तरीही पाठवलं होतं (प्रश्न १२).

संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मेले.

१७. अनुभवी क्रू जास्त वाचत असतील ना?

सगळ्यांचा हाच विश्वास होता, आणि तळावर अधिकारीही तेच सांगत: नीट शिका, शिस्त पाळा, वाचाल. बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात तेव्हा फ्रीमन डायसन नावाचा विशीतला मुलगा काम करत होता. पुढे तो मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला. त्याने आकडे तपासले तर अनुभवाने वाचण्याची शक्यता वाढताना दिसेना. जुना क्रू आणि नवा क्रू सारखेच पडत होते. याचं एक कारण पुढे कळलं. जर्मन रात्र-विमानांनी वरच्या दिशेला तिरक्या तोफा बसवल्या होत्या. ती खालून, लँकेस्टरच्या पोटाखाली येत, जिथे एकही गनर पाहू शकत नव्हता. जो दिसतच नाही त्याच्यापुढे अनुभव काय कामाचा.

१८. विमान पेटलं तर सगळे पॅराशूटने उतरत नसत का?

फार थोडे. लँकेस्टर पाडलं गेलं की साधारण नऊ जणांतला एक वाचे. हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरमधून याच्या दुपटीहून अधिक वाचत. लँकेस्टर उडायला उत्तम, बाहेर पडायला वाईट. पुढची झडप जेमतेम २२ इंच रुंद, आणि जाड कपडे घातलेल्या माणसाला छातीवर पॅराशूट लावून तिच्यातून निसटायचं, तेही विमान गरगरत असताना. डायसनने हेही वर कळवलं होतं. झडप रुंद व्हायला फार उशीर झाला.

१९. ‘मी जाणार नाही’ असं म्हणता यायचं का?

यायचं. सगळे विमानसैनिक स्वेच्छेने आलेले होते. पण नकार दिला की कागदावर शिक्का बसे: ‘एलएमएफ’, म्हणजे नैतिक बळाचा अभाव. हुद्द्याचे पट्टे आणि छातीवरचा पंखांचा बिल्ला काढून घेत, एका रात्रीत तळावरून हलवत, जेणेकरून इतरांना लागण होऊ नये. वीस मोहिमा करून ज्याचे हात थरथरू लागले त्यालाही हाच शिक्का बसू शकायचा. असे खटले एकूणात थोडेच होते. शिक्क्याची भीती मात्र सगळ्यांना होती, आणि काही जण सांगून गेलेत की जर्मनांपेक्षा तिचीच जास्त होती. मला हा शिक्का त्या काळाचाही विचार करून क्रूर वाटतो.

२०. परत न आलेल्यांच्या सामानाचं काय व्हायचं?

सकाळ होण्याआधी माणसं येत आणि कपाट, पलंग, सायकल रिकामी करून जात. खासगी वस्तू पाहून, घरच्यांना दुःख होईल असं काही (दुसऱ्याच मुलीची पत्रं वगैरे) बाजूला काढून उरलेलं घरी पाठवत. तार त्याच्या आधी पोचलेली असे: ‘बेपत्ता’. मेला की कैदेत आहे हे कळायला आठवडे, कधी महिने लागत. संध्याकाळपर्यंत त्या पलंगावर नवा मुलगा आलेला असायचा. जुने लोक त्याचं नाव लगेच विचारत नसत. विचारलं की ओळख होते.

२१. तळावर बायका काय काम करत?

हवाई दलाच्या महिला शाखेतल्या मुली पॅराशूट घडी करत, मालमोटारी चालवत, टॉवरमधून बोलत, फळ्यावर विमानांच्या परतीच्या वेळा लिहीत. त्या फळ्यावरचा शेवटचा रकाना रिकामा राहिला की काय झालं ते त्यांना सर्वांत आधी कळायचं. पंखाखाली उघड्यावर इंजिनं दुरुस्त करणारे मेकॅनिक बहुतेक पुरुष. त्यांची थंडी क्रूपेक्षा लांबची, कारण ती रोजची आणि दिवसभराची.

२२. बॉम्बर कमांडमध्ये भारतीय किंवा मराठी माणसं होती का?

थोडी होती. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅरिबियन बेटं अशा अनेक ठिकाणचे लोक होते, त्यांत भारतीयही. मराठी वाचकाला चटकन ओळखीचं वाटेल असं एक नाव शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांचं, ते नॅव्हिगेटर होते. काही जण ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रनचं नाव लिहून पाठवतात. ते १३२ क्रमांकाचं स्क्वाड्रन लढाऊ विमानांचं होतं, बॉम्बरचं नव्हे. स्क्वाड्रनच्या नावात भारतीय गाव असलं म्हणजे आत भारतीय माणसं होती असं नाही. बहुतेकदा ती नावं तिकडून आलेल्या देणग्यांची पावती असत.

२३. खाली मरणाऱ्या लोकांचा ते विचार करत नसत का?

काही करत, बहुतेक ढकलून देत. चार मैल वरून शहर म्हणजे ठिणग्यांची रांगोळी दिसे. माणूस दिसत नसे. परत येणं एवढंच डोक्यात. खाली मात्र माणसं होतीच. २२ नोव्हेंबरच्या एका हल्ल्यात बर्लिनमध्ये हजारो मेले. कैसर विल्हेल्म चर्च त्याच रात्री उद्ध्वस्त झालं आणि त्याचा मोडका मनोरा आजही तसाच ठेवलेला आहे. सात जणांच्या थंडीबद्दल लिहिताना मी हे विसरत नाही, आणि वाचकांनीही विसरू नये. युद्धानंतर ब्रिटिश सरकारलाच या मोहिमेची अडचण वाटू लागली. बॉम्बर कमांडला वेगळं मोहीमपदक मिळालं नाही. लंडनमधलं स्मारक २०१२ मध्ये झालं, पदकावर लावायची पट्टी २०१३ मध्ये आली.

२४. सिनेमात बर्फाने झाकलेली धावपट्टी असते. तो हिवाळा तसा होता का?

इथे माझ्याच विषयाविरुद्ध बोलावं लागतं. जमिनीवर १९४३-४४ चा इंग्लंडमधला हिवाळा विक्रमी वगैरे नव्हता. ओला, काळोखा, धुक्याचा होता. खरा कडाका जानेवारी १९४५ मध्ये पडला. तेव्हा अधिकाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळे फावडी घेऊन धावपट्टीवर. तुम्ही पाहिलेले फोटो बहुतेक त्या जानेवारीतले असतात. ‘कडक हिवाळा’ म्हणतो तो वरचा (प्रश्न ५). तो मात्र दर वर्षी सारखाच.

२५. अमेरिकन क्रूचंही असंच होतं का?

अमेरिकन दिवसा उडत, दहा जणांच्या क्रूने. त्यांच्या विमानात कमरेजवळच्या गनरच्या खिडक्या सुरुवातीला सरळ उघड्याच असत. ते ब्रिटिशांपेक्षाही उंच उडत, त्यामुळे हिमदंश हा त्यांचा फारच मोठा प्रश्न होता. त्यांची टूर आधी २५ मोहिमांची होती, १९४४ मध्ये ती आधी ३० आणि मग ३५ झाली. ज्याच्या चोवीस झाल्या होत्या त्याला ही बातमी कशी लागली असेल याची कल्पना करा.

२६. लँकेस्टर आज कुठे पाहायला मिळेल?

७,३७७ बनली, उडू शकणारी दोन उरली: एक इंग्लंडमध्ये कोनिंग्सबी तळावर, दुसरं कॅनडात हॅमिल्टनला. लिंकनशरमध्ये ईस्ट कर्कबीला तिसरं आहे, ते उडत नाही पण इंजिनं चालू करून जमिनीवर फिरवतात, आणि पैसे भरून आत बसता येतं. लिंकन शहराबाहेरच्या टेकडीवर स्मारक-भिंती आहेत, त्यांवर ५८ हजारांच्या आसपास नावं आहेत. तिथून लिंकनच्या चर्चचे मनोरे दिसतात. परतणारे क्रू घरची खूण म्हणून तेच शोधत.

ईस्ट कर्कबीला गेलात तर आत शिरल्यावर पुढे जाताना तो आडवा स्पार लागेल (प्रश्न १०). दिवसा, साध्या कपड्यांत, विमान उभं असताना ओलांडून बघा. नडग्या सांभाळा.